बत्तीस टनांचा फ्लेक्स

"वकीलसाहेब, पासिंग बारा टनांचं, त्यावर किलोभरही ऊस मी कधी भरला नाही," हिंदुराव सहा महिने मला छातीठोकपणे सांगत होता. चढावर त्याची ट्रॉली सुटून मागच्या जीपवर आदळली होती आणि विमा कंपनीनं हात वर केले होते.

आज कंपनीच्या वकीलबाईंनी न्यायाधीशांपुढे फोटो ठेवला. अपघाताच्या आठवडाभर आधी चौकात लागलेला फ्लेक्स: 'एका खेपेत बत्तीस टन! ढाण्या वाघ हिंदुरावांचे हार्दिक अभिनंदन!'

"हा कुणी लावला?" मी दातओठ खात कुजबुजलो.

"मीच. गावात नाव झालं ना!"

"मग मला सांगायला काय झालं होतं, गाढवा?"

न्यायाधीशांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "वकीलसाहेब, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत काळ्या कोटात तुम्हीच ना?"