उसना टीव्ही

अधिकारी बाई खुर्चीत बसल्या आणि खुर्ची डुगडुगली नाही, तेव्हा कुठे काजवालीने श्वास सोडला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने खुर्ची देतानाच बजावलं होतं, की एक पाय जरा आखूड आहे. तिने त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून ठेवली होती.

घर तपासायला माणूस येणार, अशी चिठ्ठी आल्यापासून तिला चैन नव्हतं. कायद्याने मोठ्या शाळेत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या एका जागेवर तिच्या सहा वर्षांच्या पोरीचं नाव लागलं होतं. आता फक्त घर बघायचं राहिलं होतं. लोक घर बघायला येतात ते घरात काय काय आहे ते बघायला, एवढं तिला कळत होतं. आणि शर्टांना काजं-बटणं करून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात होतं काय? बटणं. मग तिने दोन दिवसांत अख्खी इमारत पालथी घातली. शिंप्याची खुर्ची आली, नर्सबाईंचा टेबलफॅन आला. शेजारच्या आक्काने तर आपण होऊन आपला जुना, पेटीसारखा टीव्ही देऊ केला. दोघींनी तो धापा टाकत उचलून आणला. "असू दे गं एक दिवस," आक्का म्हणाली होती. "परक्या माणसापुढे पोरीची शोभा नको व्हायला."

अधिकारी बाई फारसं बोलत नव्हत्या. गुडघ्यावर फळी, फळीवर छापील कागद. पंख्याकडे पाहून त्यांनी एक खूण केली, टीव्हीकडे पाहून दुसरी. खूण पडली की काजवालीला जरा धीर येई.

"टीव्ही कधी घेतलात?"

"झालं की वर्षभर."

"अर्जात तर लिहिलंय, घरात काही नाही म्हणून." बाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "टीव्ही, पंखा असलेलं घर या यादीत बसत नाही हो. नाव काढावं लागतं."

काजवालीने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात पोर मांडी घालून बसली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिला दहादा सांगून ठेवलं होतं, आणि ती बिचारी ओठ मिटून, कोणी काहीतरी विचारेल म्हणून वाट बघत होती.

"माझा नाहीये तो," काजवाली म्हणाली. "शेजारचा आहे. उसना आणलाय. खुर्चीपण उसनीच आहे, ही तुम्ही बसलाय ती."

"आत्ता म्हणालात वर्ष झालं."

"खोटं बोलले. बरं दिसावं म्हणून."

"सकाळपासून ही माझी चौथी खोली. चारही घरांतला टीव्ही शेजारचाच निघाला." बाईंनी घड्याळ पाहिलं. "ज्यांचा असेल त्यांना बोलवा. माझा आहे, म्हणून सही केली की झालं."

आक्का दारातच उभी होती. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. निराधार बायकांना सरकारकडून दरमहा मिळतं, त्यावर तिची चूल चालायची आणि दम्याची औषधं यायची. ती यादीही अधिकारी बाईंच्याच कार्यालयाची, आणि तीही दरवर्षी तपासली जायची. काजवालीला हे ठाऊक होतं. हाक मारण्याआधी ते तिच्या मनात येऊनही गेलं होतं. तरी तिने हाक मारली.

"आक्का, सांग ना गं. तुझा आहे ना टीव्ही?"

आक्का दोन पावलं आत आली. तिने काजवालीकडे पाहिलं, बाईंच्या कागदाकडे पाहिलं आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मी कुठला टीव्ही घेतेय," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही बाई असलं काही."

काजवालीला तिचा राग यायला हवा होता. पण आक्काने पदर मुठीत घट्ट धरला होता, आणि ते बघून तिला आणखीच भीती वाटली.

"ठीक आहे," म्हणत बाई उठल्या. उठताना त्यांच्या कोपराचा धक्का लागला आणि टीव्हीवरचा विणलेला रुमाल घसरून खाली पडला. आक्का झटकन पुढे झाली. तिने रुमाल उचलला, झटकला, नीट पसरला आणि टीव्हीच्या मागचं प्लॅस्टिक जिथे तडकलं होतं, बरोबर तिथल्या फटीत न बघता त्याचा कोपरा खोचला. मग पदराने काच पुसायला लागली. अर्धी काच पुसून झाल्यावर तिचा हात थांबला.

पंखा तेवढा घरघरत होता.

अधिकारी बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांनी फळीवरचा कागद उलटून मागची कोरी बाजू वर घेतली.

"आजी, तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला आमच्याकडून काही मदत मिळते का?"

आक्का काजवालीकडे बघत राहिली. टीव्ही माझाच आहे, एवढं काजवाली म्हणाली असती तरी आक्का सुटली असती. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने पोरीला जवळ ओढलं, सकाळी घट्ट घातलेली तिची वेणी सोडली आणि मान खाली घालून पुन्हा घालायला घेतली.