चित्रातला गिरनार

भिंत रिकामी होती. चित्र टांगायचा हुक तेवढा उरला होता आणि आत्माराम काठीवर भार देऊन त्याच्याकडे बघत उभे होते.

आज त्यांचा मुलगा हृषिकेश मोबाइल मुद्दाम गाडीत ठेवून आला होता. गेले दोन महिने दर शनिवारी तो वडिलांना जर्मनीतल्या कोलोनमधल्या या संग्रहालयाच्या दाराशी सोडायचा आणि दोन तासांनी न्यायला यायचा. आत यायला सवड कुठली? कधी आठवड्याची खरेदी, कधी मुलीचा श्विमकुर्स, पोहण्याचा वर्ग. एकाच चिनी चित्रासमोर बाबा दोन तास बसतात, याचं त्याला हसू यायचं. बाबांना बाक बरा सापडलाय, असं तो बायकोला म्हणायचा.

चित्र तायशानचं होतं, चिनी लोकांच्या पवित्र पर्वताचं. रेशमावर शाईने काढलेलं, पुरुषभर उंच. पायथ्यापासून ढगांपर्यंत पायऱ्या आणि माथ्यावर इवलंसं देऊळ. पाय थकलेली चिनी माणसं असं चित्र घरी टांगायची आणि नजरेनेच डोंगर चढायची, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. आत्मारामांचेही गुडघे गेलेले. गिरनारवर दत्ताच्या पादुकांपर्यंत जायचं जन्मभर राहून गेलेलं. त्यांनी तायशानलाच गिरनार मानलं. दर शनिवारी थोडं चढायचं, थांबलो तिथून पुढच्या शनिवारी निघायचं. दत्तमहाराज काही पासपोर्ट विचारत नाहीत.

गेल्या शनिवारी दाराशी उतरताना ते म्हणाले होते, "एकच वळण राहिलंय. आत येतोस का?"

"आल्झो... बरं, पुढच्या शनिवारी नक्की, बाबा."

दालनातल्या पहारेकरी बाईंनी हळू आवाजात समजावलं. उजेडाने रेशीम विटतं, म्हणून अशी चित्रं तीन महिन्यांपेक्षा जास्त टांगत नाहीत. सोमवारीच ते गुंडाळून अंधारात ठेवलं. परत कधी, असं हृषिकेशने विचारलं. पाच वर्षांनी, बाई म्हणाल्या.

आत्माराम अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पुण्याचं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. हृषिकेशला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याचा राग भलतीकडेच निघाला.

"एकच वळण होतं ना, बाबा? त्याच दिवशी चढून का नाही मोकळे झालात?"

आत्माराम बाकावर टेकले. शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली, तो बसेपर्यंत थांबले.

"तू सात वर्षांचा होतास. गिरनारला अंबामातेच्या देवळाशी तुझे पाय दुखायला लागले, रडायला लागलास. आपण तिथूनच परत फिरलो. बरोबरचे म्हणत होते, पोराला आमच्यापाशी ठेवा आणि जाऊन या." ते रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. "तेव्हा तुला मागे ठेवून गेलो नाही, आता कसा जाणार होतो?"