फेस्टसचं दुसरं नाक

नाक जुळेना. डर्व्हलाने ते फेस्टसच्या चेहऱ्यावरून अलगद उतरवलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि पुन्हा बसवून पाहिलं. मार्चमध्ये हेच सिलिकॉनचं नाक त्याच्या गालांशी असं एकजीव झालं होतं की दारातून आलेली नर्ससुद्धा फसली होती. आता मे लागला होता. नाक गुलाबी होतं आणि माणूस मातकट.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” ती म्हणाली. “रंग उडालाय.”

“उडालाय खरा,” फेस्टस म्हणाला. “पण नाकाचा नाही, पोरी.”

तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा झाला होता. ज्या कॅन्सरने दोन वर्षांपूर्वी नाक नेलं, तो यकृतात जाऊन बसला होता. तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणाले, उन्हाळा बघाल. आता आमच्या थंड, पावसाळी कॉनेमारात उन्हाळा येतो तरी कधी, सांग!”

ती हसली नाही. तोही हसला नाही. तो दीड तास बसने गॉलवे शहरातल्या तिच्या कार्यशाळेत आला होता, तो नाकाचा रंग दुरुस्त करून घ्यायला नव्हे. त्याला दुसरं नाक हवं होतं. शवपेटीत घालायला.

चाळीस वर्षं फेस्टसने गावची मढी सजवली होती. पुढे त्याचा पब, मागे पेट्यांची खोली. आता स्वतःची पाळी आली तर त्याला काम नीट व्हायला हवं होतं.

“आपल्या रिवाजाप्रमाणे दोन दिवस मी बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत पडणार. पंचक्रोशी लोटणार. आणि मेलेल्या तोंडावर हे असं टवटवीत नाक! लोक माझ्यासाठी प्रार्थना म्हणतील, की नाकाकडे टकमका बघत बसतील?”

“वरून पावडर लावता येईल की.”

“सिलिकॉनवर पावडर टिकत नाही, हे तूच मला सांगितलंस. आणि माझा धंदा ज्याने घेतला ना, त्याचा हात मला ठाऊक आहे. नवरी करून ठेवील मला.”

डर्व्हला हात पुसत राहिली. अकरा वर्षं ती कान, नाकं, बोटं घडवत होती. अकरा वर्षं तिची एकच धडपड होती, की त्या निर्जीव गोळ्यात थोडं रक्त वाहतंय असं वाटावं.

“मी जिवंत माणसांसाठी काम करते, फेस्टस.”

“मग कर ना. मी आहे अजून.”

तिने रंग कालवायची काच पुढे ओढली आणि सिलिकॉनचा दुधट गोळा तिच्यावर टाकला. फेस्टसने खुर्ची जवळ सरकवली. तिने गव्हाळ रंगाचा थेंब घातला, पिवळा घातला, आणि सवयीने तिचा हात लाल तंतूंच्या डबीकडे गेला. त्वचेखालच्या शिरा दाखवायला ती ते तंतू नेहमी टाकायची. फेस्टसने तिचं मनगट धरलं.

“ते नको. लाल सगळ्यात आधी जातो.”

पुढचा तासभर तो तिला सांगत होता, एखादी बाई सुनेला लोणचं घालायला शिकवते तसा. “पिवळा राहू दे, तो माझ्यासोबत येणार आहे. जरासा निळा. नाकपुड्यांना जास्त. आता राखी, पण टोकभर. मेणासारखं नको, मेण फार स्वच्छ. चरबी थंड झाल्यावर दिसते ना, तसं.” तो काचेवर वाकला. “आणखी थोडा राखी. हां. आता आला.”

“काय आलं?”

“मी.”

डर्व्हला उठली आणि उगाचच नळाखाली हात धूत उभी राहिली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फेस्टसच्या बायकोचा, डीलियाचा, फोन आला. “गेला पहाटे. तू येईपर्यंत कुणाला आत घ्यायचं नाही, असं सांगून ठेवलंय त्याने.”

डर्व्हला पोचली तेव्हा अंगणात माणसं चहाचे कप घेऊन गवताच्या कापणीबद्दल हलक्या आवाजात बोलत होती. डीलियाने तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. फेस्टस पेटीत होता. कपाळापासून ओठांपर्यंत पांढरा रुमाल पसरलेला होता.

“नर्सने घातला तो,” डीलिया म्हणाली. “मी हात लावलेला नाही.”

डर्व्हलाने डबी उघडली, नाक काढलं आणि रुमालाच्या कडेला, त्याच्या गालाशी धरलं. केसभराचाही फरक नव्हता. इतका तंतोतंत रंग तिला आयुष्यात कधी साधला नव्हता.

“तुम्हाला हवं तर बाहेर थांबा,” ती म्हणाली. “पाच मिनिटांचं काम आहे.” तिने गोंदाचं झाकण फिरवलं.

“ठेव ते बाजूला.”

“का? रंग चुकलाय?”

“रंग कसा चुकेल? त्यानेच सांगितलेला ना.”

बाहेर कुणीतरी खाकरलं. दारावर हलकीशी टकटक झाली. डीलियाने लक्ष दिलं नाही. तिने खुर्ची ओढून पेटीला लावली, बसली आणि स्वतःच्या हाताने रुमाल उचलला. चेहऱ्याच्या मधोमध नुसती खोबण होती. तिने नजर हटवली नाही. हनुवटीला धरून तिने तो चेहरा हळूच आपल्याकडे वळवला.

“दोन वर्षं रात्री नाक उतरवून माझ्याकडे पाठ करून झोपलास,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता बघू दे.”