रोह्याचं गिऱ्हाईक

हमरापूरच्या घरच्या गणपतीच्या कारखान्याचं सगळं बुकिंग मनस्वीने एका डेटाबेसमध्ये आणायला घेतलं. बुकिंग आलं की बाबांच्या मोबाइलवर मेसेज जायचा, आणि मगच ते मूर्तीचे डोळे आखायचे.

पीएचपीची वेबसाइट आणि जावाचं अ‍ॅप जोडून झालं होतं. पायथन या संगणकभाषेतला प्रोग्राम मात्र दाद देईना. नाव पायथन, गाव रोहा, असं खोटं बुकिंग ती चाचणीसाठी सकाळपासून पाठवत होती. स्क्रीन गप्पच, म्हणून चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

दुपारी बाबा रंगाचे हात पुसत दारात आले.

“मने, त्या रोह्याच्या पायथनला फोन लाव गो. एका घरात एवढे गणपती कोण बसवतो? माझे तर सगळ्यांचे डोळे आखून झाले.”