जोडीचा फोटो

“कुंकू पुसायच्या आधी जोडीचा एक फोटो होऊ दे,” सासूबाई हटून बसल्या. म्हणून अंग थंड पडायच्या आतच बापूसाहेबांना फेटा बांधून अंगणातल्या खुर्चीत बसवलं, उपरण्याने पाठीशी आवळलं. शेजारी पाटावर भिवरा बसली. दिराने भावाचा हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला.

फोटोवाल्याने काळ्या कापडाखालून डोकं काढलं. “बाईसाहेब, पुन्हा हललात! फोटोची दुसरी काच फुकट गेली.”

हलेल नाही तर काय! सकाळी तिच्यावर मूठ उगारली आणि तशीच उगारून बापूसाहेब जागच्या जागी कोसळले. मूठ अजून वळलेलीच होती. ती खांद्याला टेकली की भिवरा आपसूक अंग चोरायची. बारा वर्षांची सवय, धनी मेला म्हणून एका दुपारात कशी जाईल?

दिराने बोटं सोडवून पाहिली. सुटेनात.

“राहू दे रे, मोडतील माझ्या लेकराची बोटं!” सासूबाई कळवळल्या.

“सरा भावजी,” भिवरा उठली. तिने मूठ दोन्ही हातांत घेतली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. वाळकी काटकी मोडावी तसा कडकन आवाज झाला. सासूबाईंनी किंकाळी फोडली. भिवराने घाई केली नाही. करंगळीसुद्धा सोडली नाही.

मग तो लुळा पंजा तिने स्वतःच आपल्या खांद्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि फोटोवाल्याकडे सरळ बघितलं.

“काढा आता. हलत नाही मी.”