नमुन्याची बाटली

"पाणी पिण्यायोग्य आहे." तपासनिसाने अहवालातली शेवटची ओळ वाचून दाखवली आणि कागद प्रयोगशाळेच्या खिडकीतून पुढे सरकवला.

आजी जागची हलली नाही. "परत वाचा बरं एकदा."

त्याने परत वाचलं. सही होती, शिक्का होता, पाण्यात एकही जंतू सापडला नसल्याचं ठळक अक्षरात लिहिलं होतं.

"अहो, असं कसं होईल? आमच्या गल्लीत घरोघरी जुलाब लागलेत. माझा नातू चार दिवस सलाइनवर आहे."

"आजी, यंत्राला नातूबितू कळत नाही. बाटलीत असतं ते सांगतं."

बोलला खरा, पण त्याला स्वतःचाच राग आला. नमुना घ्यायला खरं तर त्यानेच जायचं असतं. पण प्रयोगशाळेची गाडी साहेबांच्या घरच्या कामाला जुंपलेली, म्हणून त्याने निर्जंतुक केलेली बाटली आजीच्याच हातात दिली होती. 'भरून आणा' म्हणाला, बस्स. कशी भरायची ते सांगितलं असतं तर जीभ काही झिजली नसती.

"आणि तक्रार केल्यावर कालपासून येतोय तो टँकर?" आजीने विचारलं.

"उद्यापासून बंद. नळाचं पाणी चांगलं निघाल्यावर टँकर कोण देणार? साहेबांनी सकाळीच तक्रार निकाली काढली." असल्या कागदावर सही करायला साहेबांना कधी उशीर होत नाही.

"पिण्यायोग्य म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे पोराबाळांनी प्यायलं तरी बाधत नाही असं." सांगताना त्याने नजर चोरली. मग एकदम त्याच्या मनात पाल चुकचुकली. "बाटली थेट नळाखाली धरूनच भरलीत ना?"

"नळाखाली? छे!" आजीला प्रश्नच झोंबला. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही, तुमच्या हातात तसलं पाणी द्यायचं होय? दुहेरी फडक्यातून गाळलं, चांगलं खळखळ उकळलं, झाकून गार केलं, मग भरलं. नाहीतर लाज नसती का वाटली मला?"

तपासनीस खुर्चीत मागे टेकला. जंतू पातेल्यातच मेले होते आणि त्यांच्याबरोबर गल्लीची तक्रारही. नियमाप्रमाणे नवा नमुना आता तीन महिन्यांनी.

"मग नातवालाही असंच उकळून का नाही दिलंत?" तो जवळजवळ ओरडलाच.

आजी त्याच्याकडे बघत राहिली. काहीच कसं कळत नाही या माणसाला!

"रोज? अहो, एक सिलिंडर दोन महिने पुरवतो आम्ही. हे तुम्हाला द्यायचं होतं म्हणून उकळलं."