सोंगटी

दिपमालाला धुळ्याला दिली, आणि सासरी तिला माहेरी फोन करायची बंदी झाली. मोबाईलवर लुडो खेळली तर मात्र कुणी हटकत नसे. म्हणून धरणगावला नवलआबा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून लेकीशी लुडो खेळत. बोलणं नाही, नुसता फासा. पण बापाची सोंगटी तिनं कधी मारली नाही. लहानपणापासूनची खोड, डाव हरायची, पण आबांची सोंगटी वाटेत आली की दुसरीच चालायची.

"पोर कशी शे?" तिची आई झुंबरबाई चुलीपासून विचारायच्या.

"खेळी राहिनी," आबा म्हणायचे, की बाईंच्या जिवात जीव यायचा.

आज डाव बसला आणि आबांची पहिली सोंगटी मारली गेली. मग दुसरी. तिसरी तर घराच्या तोंडाशी होती, तीही पलीकडच्यानं क्षणभर न थांबता उडवली. हा हात दिपमालाचा नव्हे, हे आबांना कुणी सांगायला नको होतं.

"पोर कशी शे?" आतून हाक आली.

फासा टाकायची पाळी आबांची होती. त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"खेळी राहिनी," ते म्हणाले.